ओइवाच्या फळीवाटेचं शेवटचं वळण

कोर्पिला गावात मी आयुष्यात एकच सरळ रेघ मारली, आणि तिच्यापायी अर्धं गाव माझ्याशी बोलेनासं झालं. तसं आमच्या गावात आधीही कुणी फारसं बोलत नसे, त्यामुळे हे माझ्या लक्षात यायलाच चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुकानात हुल्डाबाईंनी मला पाहताच हातातली पावाची पिशवी छातीशी घट्ट धरली, तेव्हा कुठे मला पहिली शंका आली.

झालं होतं ते असं. गाव आणि कुइक्का तळं यांच्यामध्ये किलोमीटरभर दलदल पसरलेली. तळ्याला दुसरीकडूनही रस्ता नाही. हिवाळ्यात सगळं गोठलं की स्की पायात अडकवून माणसाने कुठूनही कुठेही जावं. उन्हाळ्यात मात्र दोन पावलं धड पडतात. तिसऱ्याला बूट तिथेच राहतो आणि माणूस मोज्यावर पुढे जातो. अठ्ठ्याऐंशी सालच्या जानेवारीत पालिकेने एकदाचं लाकूड मंजूर केलं आणि तळ्यापर्यंत फळ्यांची वाट बांधायचं ठरलं. गावसमितीचा चिटणीस मी. सभेला मी सगळ्यांत उशिरा पोचलो होतो, एवढीच माझी त्या पदाची लायकी.

आता मी पडलो शाळामास्तर, आणि मास्तरकडे पट्टी असते. शाळेतली मोठी लाकडी पट्टी घेतली, नकाशावर गावापासून तळ्यापर्यंत ठेवली, लाल पेन्सिलीने झकास रेघ ओढली आणि तो नकाशा दुकानाच्या दारावर टाचणीने लावून दिला. खाली लिहिलं, ‘वाट अशी जाईल.’ सही, शिक्का, सगळं.

मी तुर्कूसारख्या दक्षिणेकडच्या शहरातून आलेला. गावात सहा वर्षं काढली होती, पण एक गोष्ट मला कुणीच शिकवली नव्हती. ती म्हणजे हिल्ला. जुलै महिन्यात आमच्या दलदलीत शेवाळातून वर येणारं हे केशरी, टपोरं, आंबटगोड फळ. ते लावून येत नाही, मागून मिळत नाही, आणि जिथे पिकतं तिथेच पिकतं. आमच्याकडचा माणूस वय सांगेल, आजार सांगेल, फारच आग्रह केला तर पगारही सांगेल. हिल्लाची जागा सांगणार नाही. आई मुलीला सांगते, तीही मरणाला टेकल्यावर. सांगून झाल्यावर चुकून बरी झाली, तर उरलेलं आयुष्य तिला पस्तावा होतो.

माझी रेघ अशा पाच जागांवरून गेली होती. आणि गंमत म्हणजे तक्रार करायचीही सोय नव्हती. ‘माझ्या जागेवरून जाते’ म्हणावं, तर जागा कळली! माणसं नकाशासमोर उभी राहत, लाल होत, आणि काड्यापेटी घेऊन घरी जात.

सहाव्या दिवशी तोच नकाशा गुंडाळून काखेत मारलेला ओइवा केम्पाइनेन शाळेच्या दारात उभा राहिला.

ओइवा तेव्हा एकाहत्तर वर्षांचा. तरुणपणी नदीतून ओंडके वाहून नेण्याच्या कामावर होता, पुढे सुतार झाला. गावातल्या बर्फगाड्या, होड्या, माझ्या शाळेतले बाक, सगळं त्याच्या हातचं. अंगाने कुंपणाच्या खांबासारखा, आणि बोलायलाही तितकाच. हातात कायम एक लांब बर्चची काठी. दलदलीत शिरायच्या आधी ती खाली खुपसायची, तळाशी टणक लागलं तर ‘लागलं’ म्हणायचं, नाहीतर काठी उपसून पुढे जायचं. बोलण्याचीही त्याची तीच तऱ्हा. शब्द आधी आतल्या आत खुपसून बघायचा. पाया लागला तरच बाहेर. त्याची बायको सिल्वी म्हणायची, “एकेचाळीस वर्षांच्या संसारातलं याचं सगळं बोलणं एका पोस्टकार्डावर मावेल. पत्त्याच्या बाजूला तर लिहायचीही गरज नाही.”

“मास्तर,” ओइवा म्हणाला.

“या ओइवा, बसा.”

“सभा लावा.” एवढं बोलून तो गेला. बसला नाहीच.

सभा शाळेतच झाली. अख्खं गाव मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेलं. फळ्यावर माझा नकाशा. ओइवा सुतारी पेन्सिल कानावर ठेवून त्याच्यापाशी उभा.

“कुठून जाऊ नये, ते बोला,” तो म्हणाला.

मग हुल्डाबाई उठल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, विधवा, आणि गावातल्या सगळ्या बाळंतपणांना आणि मयतांना हजर. नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या, “इथे साप आहेत. फार.”

“किती?” मी चिटणीस म्हणून विचारलं.

“मोजायला थांबले नाही.”

ओइवाने तिथे एक बारीक फुली मारली. मग ओन्नी पोस्टमन उठला. “ही जागा धोक्याची आहे. इथे माझे आजोबा बुडाले.”

“तुझे आजोबा?” हुल्डाबाई मागे वळल्या. “ते काजानीच्या दवाखान्यात गेले रे, पलंगावर. मी उशाशी बसले होते.”

“ते नाही. आईकडचे.”

“ते तर अमेरिकेला गेले!”

“जायच्या आधी बुडाले होते,” ओन्नी शांतपणे म्हणाला.

ओइवाने दुसरी फुली मारली. असं करत करत कुठे भूत निघालं, कुठे करकोच्याचं घरटं, आणि एके ठिकाणी ‘वास बरा नाही.’ पाच कारणं, पाच फुल्या. एकाही कारणावर ओइवाने भुवई उचलली नाही. शेवटी त्याने सगळ्या फुल्यांना वळसा घालत एक नागमोडी रेघ काढली. ती पाहून गावाने जो निःश्वास टाकला, त्याने माझ्या टेबलावरचे कागद हलले.

बाहेर पडताना तो मला म्हणाला, “मास्तर, तुम्ही गावाच्या कपाटांच्या किल्ल्या दारावर टांगल्या होत्या.” त्या महिन्यातलं त्याचं हे सर्वांत लांब वाक्य.

ओइवाने हे काम अंगावर का घेतलं, ते मला मार्चमध्ये कळलं. गोठलेल्या दलदलीवरून लाकूड ओढून आम्ही जागोजागी रचून ठेवत होतो. फळ्या दोन-दोन जोडून घालायच्या, असं पालिकेच्या कागदावर होतं. ओइवा म्हणाला, “तीन.” का म्हणून विचारलं, तर तो तिसरी फळी उचलायला गेला. संध्याकाळी त्याच्या घरी कॉफीला गेलो तेव्हा सिल्वीने सांगितलं.

सिल्वी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, गोल, गोरी, आणि नवऱ्याने न बोललेलं सगळं स्वतः बोलून टाकणारी. सहा वर्षांपूर्वी तिची कंबर गेली. घरात दोन काठ्यांवर चालायची, बाहेर तेही नाही. तिचं माहेर तळ्याच्या पलीकडच्या काठावर. लग्न झालं तेव्हा ती होडीतून तळं ओलांडून आली, आणि दलदलीतून गवत कापणाऱ्यांनी टाकलेल्या ओंडक्यांवरून, बूट हातात घेऊन, सासरी चालत आली. ते ओंडके पुढे शेवाळाने गिळले. माहेरचं घर पडलं, माणसं गेली. एक धुराडं तेवढं उभं होतं म्हणे.

“आणि आता आमची मुलगी आम्हाला औलूला नेतेय,” सिल्वी इकडच्या रीतीने भाजलेल्या चीजचा तुकडा माझ्या कॉफीत टाकत म्हणाली. “तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा. पायऱ्या नाहीत, चूल नाही, कपडे धुवायलाही यंत्र. मरायला अगदी सोयीची. एक ऑगस्टला ट्रक येणार. त्याच्या आधी मला एकदा उघडं पाणी बघायचंय मास्तर, आणि पाण्यापलीकडचा तो काठ.”

“हिवाळ्यात बर्फगाडीतून नेलं असतं की यांनी,” मी म्हणालो.

“नेलं होतं. पांढरं! बर्फच बघायचा, तर माझं अंगण काय वाईट आहे?”

ओइवा कोपऱ्यात दुधाचे कॅन नेण्याच्या जुन्या हातगाडीवर स्वयंपाकघरातली खुर्ची ठोकत होता. गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर बरोबर तीन फळ्यांएवढं.

जूनमध्ये बर्फ वितळून पाणी ओसरलं आणि काम सुरू झालं. अख्खं गाव यायचं. काय दिवस होते ते! आता शाळा बंद पडलीय, दुकानाच्या खिडक्यांना फळ्या मारल्यात, आणि गावात दिवे लागतात ती घरं एका हाताच्या बोटांवर मोजावीत. पण डोळे मिटले की मला अजून त्या दलदलीतले हातोडे ऐकू येतात. आधी आडवे ओंडके टाकायचे, त्यांवर चार-चार मीटरच्या तीन फळ्या ठोकायच्या, की झाला एक टप्पा. जिथे नुसताच चिखल, तिथे मोगरीने खुंटे ठोकत जायचं, ते तळाला टेकेपर्यंत. डासांचं तर विचारूच नका. कापूसगवत वाऱ्यावर पांढरंशुभ्र डुलायचं. दहा वाजता ओइवा डांबरासारख्या काळ्या किटलीत कॉफी उकळायचा. राय धान्याच्या काळ्या पावात माशाचा तुकडा घालून सगळे ओळीने फळीवर बसायचे, पाय चिखलाच्या वर लोंबकळत. कुणी काही बोलायचं नाही. मला पहिल्यांदा वाटलं, भांडण झालंय. नंतर कळलं, मजेत आहेत.

वाटेतल्या वळणांना आपोआप नावं पडली. पहिलं हुल्डाबाईंच्या सापांचं वळण. पुढचं ओन्नीच्या आजोबांचं. तिथून जाताना प्रत्येक जण टोपी काढायचा, आणि ओन्नी गंभीर चेहऱ्याने मान तुकवायचा.

मग जुलैचा मध्य आला, हिल्ला पिकली, आणि एका सकाळी कामावर कुणीच आलं नाही. कुणी काही सांगितलं नाही, कारण कुणाला काही सांगायचं नव्हतं. बादल्या घेऊन गाव धुक्यात विरघळलं. राहिलो दोघं. मी, कारण माझ्यापाशी लपवायला जागाच नव्हती. आणि ओइवा.

“तुमच्या घरी नाही का कुणी जात हिल्लाला?” मी विचारलं.

“सिल्वी जायची.”

“कुठे?”

ओइवाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो प्रश्न खिळ्यासारखा तोंडात परत घेतला.

अठरा जुलैचा सोमवार. तळं समोर चमकत होतं, सव्वाशे मीटरवर. मधे दलदलीत एक छोटं बेट, वर सात-आठ खुरटे पाइन. त्या बेटावर तर कुणाची फुली नव्हती. सरळ गेलं तर एकतीस टप्पे, जमीनही टणक दिसत होती. दिवसाला सहा टप्पे सहज. शनिवारी आपण पाण्याला हात लावतो, असा हिशेब मी मनातल्या मनात केला, आणि शीळ घालत वाट आखायच्या दोरीचं टोक उचललं.

ओइवाने दोरी डावीकडे धरली.

“ओइवा, बेटावरून जाऊ ना. डावीकडे तर नुसता रबरबाट आहे!”

“बेटावर पाया लागत नाही.”

“तुम्ही काठी तर घातलीच नाही!”

“लागत नाही,” ओइवा म्हणाला, आणि डावीकडच्या चिखलात पहिला खुंटा रोवला.

तो आठवडा मी विसरणार नाही. एकेक खुंटा तीन-तीन मीटर आत जायचा तेव्हा कुठे तळाला टेकायचा. मोगरी मारून मारून माझे खांदे माझे राहिले नाहीत. दिवसाला दोन टप्पे, फार तर. रात्री मी वहीत मांडून पाहिलं, तर बेटाला वळसा घालून पंचावन्न टप्पे होत होते. म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस दिवस. आणि ट्रक यायला उरले होते चौदा. मंगळवारी मी हे ओइवाला सांगितलं. तो म्हणाला, “हं.” बुधवारी पुन्हा सांगितलं. म्हणाला, “हं.” गुरुवारी मी चिडून म्हणालो, “अहो, सिल्वीबाई तळं न बघताच औलूला जाणार!” तेव्हा मात्र तो मोगरी खाली ठेवून बराच वेळ बेटाकडे पाहत उभा राहिला. मग मोगरी उचलली आणि पुन्हा डावीकडेच वळला. माणूस आपल्या बायकोपेक्षा चिखलावर जास्त प्रेम करतो की काय, असं माझ्या मनात आलं. देवाशपथ आलं.

चोवीस तारखेच्या रविवारी सिल्वी काम बघायला आली. डोक्याला रुमाल, मांडीवर कॉफीची थर्मास, खुर्चीच्या दोन्ही हातांना घट्ट धरलेलं, आणि मागून गाडी ढकलणारा ओइवा. प्रत्येक वळणावर तिचं चालूच. “हे हुल्डाचे साप का? वा! चांगले पिंपभर साप निघत असतील इथे!... टोपी काढ रे म्हाताऱ्या, ओन्नीचे आजोबा आले.” मी पुढे चालत होतो, हसून हसून फळीवरून पडायचा बाकी होतो.

शेवटच्या वळणाशी गाडी आली आणि तिचं बोलणं तुटलं.

तिने समोर तळ्याकडे पाहिलं. मग बेटाकडे. मग डावीकडे चिखलात गेलेल्या आमच्या बारा टप्प्यांकडे.

“म्हाताऱ्या, थांब.”

ओइवा थांबला.

“इथून डावीकडे का?”

“बेटावर पाया लागत नाही.”

“पाया लागत नाही?” ती उसळून म्हणाली. “चुलीच्या ओट्यासारखी टणक जमीन आहे तिथे!”

आणि एकदम गप्प झाली. ओइवा तर गप्प होताच. मला वाटलं, आता मीही गप्प बसावं. दलदलीत तिघं जण, आणि एका डासाचं गुणगुणणं तेवढं ऐकू येत होतं. तो डास मीही मारला नाही.

“ओइवा,” सिल्वी फार हळू म्हणाली, “तुला कधीपासून माहीत आहे?”

“पन्नास सालापासून.”

“कसं?”

“कालवड हरवली होती. शोधत आलो. पाइनमधे तुझा लाल रुमाल दिसला.”

“मग?”

“मग परत गेलो.”

“आणि कालवड?”

“ती आपली आपण आली.”

सिल्वीने डोळे मिटले. माझ्या डोक्यात हळूहळू उजाडायला लागलं. ती सिल्वीची, तिच्या आईकडून आलेली हिल्लाची जागा. नवऱ्यालाही सांगितलेली नाही. आणि नवरा अडतीस वर्षं ते जाणून होता, आणि जाणत नसल्यासारखा राहिला होता. त्या बेटावर फुली मारणारी सिल्वी सभेला येऊ शकली नव्हती, म्हणून त्याने तिच्या वतीने, नकाशावर नाही तर चिखलात, तीन-तीन मीटर खोल फुल्या मारल्या होत्या.

माझे डोळे भरून आले. सिल्वीचे मात्र नाहीत. तिचा चेहरा लाल लाल होत गेला.

“अडतीस वर्षं!” ती ओरडली. “आणि मी मूर्ख बाई दरवर्षी उत्तरेकडून जात होते आणि दक्षिणेकडून परत येत होते! तुला कळू नये म्हणून! दोन तासांचा वळसा, डोक्यावर भरलेली बादली! त्या वळशांनीच माझी कंबर गेली रे म्हाताऱ्या! तोंडात काय गुळणी धरली होतीस?”

“हं,” ओइवा म्हणाला.

“हं काय हं! मास्तर, बघा, बघा हा नवरा! हा माणूस देवाच्या दारात उभा राहिला ना, तर देवालाच विचारावं लागेल, की बाबा, तू आलायस का नुसता उभा आहेस!”

मग ती हसायला लागली. गाडी हलायला लागली इतकी हसली. ओइवाने चाकाखाली पाय लावला. हसता हसताच केव्हातरी तिने रुमालाच्या टोकाने डोळे पुसले, आणि बराच वेळ पाइनच्या त्या बेटाकडे पाहत राहिली.

“सरळ घाल,” ती म्हणाली.

“गावाला कळेल.”

“कळू दे.”

“लीसाला द्यायची होतीस.” लीसा म्हणजे त्यांची मुलगी.

“लीसा औलूच्या दुकानातून गोठवलेली आणते. पुडक्यात.” सिल्वीने नाक मुरडलं. “सरळ घाल म्हणते ना. आई असती तर तीच म्हणाली असती, की माझं घर बघायला माझ्या जागेवरून ये. पण आधी मला तिथे ने. आत्ता.”

आम्ही सुट्या फळ्या बेटापर्यंत टाकत गेलो. मागची उचल, पुढे टाक, असं करत. ओइवाने गाडी पाइनखाली नेऊन उभी केली. मी मान वर केली आणि थक्क झालो. सहा उन्हाळे कुणी हात न लावलेली हिल्ला, शेवाळावर केशरी दिव्यांसारखी. सिल्वी खुर्चीतून वाकली, आणि तिथल्या तिथे पुन्हा ताठ बसली.

“मास्तर, तोंड तिकडे करा.”

“अहो सिल्वीबाई, उद्या इथूनच तर वाट नेणार आहोत!”

“उद्याचं उद्या. आज ही माझी जागा आहे. तू पण, म्हाताऱ्या.”

तेव्हा आम्ही दोघं पाठ करून उभे राहिलो. मागे थर्मासच्या झाकणात टपटप फळं पडत होती आणि ती पुटपुटत होती, बहुधा आईशी. अर्धा तास तरी गेला असेल. ओइवा ताठ उभा होता, चर्चमध्ये उभा राहतो तसा.

सोमवारपासून शनिवारपर्यंत आम्ही माणसं राहिलो नव्हतो, यंत्रं झालो होतो. ते डावीकडचे बारा टप्पे तसेच राहिले. अजूनही आहेत, करडे पडलेत, शेवाळ धरलंय. उन्हाळ्यात पाहुणे येतात, त्या फाट्याने टोकापर्यंत जातात, पुढे नुसता चिखल बघतात आणि डोकं खाजवत परत फिरतात. कुणी म्हणतं, पक्षी बघायला बांधलंय. मी सांगत बसत नाही.

एकतीस जुलैच्या रविवारी चर्च सुटल्यावर ओइवाने सिल्वीला गाडीत बसवलं. आम्ही कुणाला बोलावलं नव्हतं, पण मागे वळून पाहिलं तर अख्खं गाव एका रांगेत फळीवाटेवरून येत होतं. बोटं सगळ्यांची केशरी झालेली, आणि सगळ्यांनी ती खिशात लपवलेली. पाइनचं बेट जवळ आलं. दोन्ही बाजूंना हिल्ला लगडलेली. आंधळ्यालाही कळावं ही कुणाची जागा, आणि गावात आंधळं कुणीच नव्हतं.

हुल्डाबाई सगळ्यांत पुढे होत्या. बेटावर पाऊल पडताच त्यांनी मान उंच केली आणि मोठ्याने म्हणाल्या, “काय सुंदर ढग आहेत आज!”

आकाशात एक ढग नव्हता. पण सगळं गाव माना वर करून, एकमेकांना धडकत, ते ढग बघत बेटावरून पार झालं. ओन्नीने तर, “तो घोड्यासारखा आहे, नाही?” असंही विचारलं. खाली कुणीही पाहिलं नाही. त्या उन्हाळ्यात नाही, पुढच्याही नाही. तिथलं फळ करकोच्यांनी खाल्लं.

वाटेच्या टोकाला ओइवाने छोटा ओटा केला होता, पाण्यावर हातभर पुढे आलेला. गाडी तिथे थांबली. सिल्वीने बूट काढले, मोजे काढले, ओइवाने तिला दंडाला धरून खाली बसवलं, आणि तिने पाय पाण्यात सोडले.

“लहान झालंय तळं,” ती म्हणाली.

पलीकडच्या काठावर बर्चच्या झाडांतून ते धुराडं दिसत होतं, जरा कललेलं. ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग दोन्ही हात तोंडाशी नेऊन तिने एक लांब, चढती हाक घातली. संध्याकाळी गुरं घरी बोलवायला तिची आई त्या काठावरून घालायची ती हाक. सत्तरीच्या बाईचा गळा, पण तो सूर पाण्यावरून सपसप घसरत पार गेला. पलीकडून गाय काही आली नाही. पण लव्हाळ्यातून एका कुइक्काने, म्हणजे तळ्याला ज्याचं नाव त्या पाणपक्ष्याने, उत्तर दिलं, अगदी तसंच लांब आणि चढतं.

“चला,” सिल्वी म्हणाली, “कुणीतरी आहे अजून घरी.”

किटली दोनदा उकळली. हुल्डाबाई सिल्वीच्या शेजारी पाण्यात पाय सोडून बसल्या, आणि दोघी मिळून काठावरच्या मेलेल्या माणसांना नावं ठेवायला लागल्या. ओइवा मागे ओंडक्यावर एकटा बसला होता, काठी गुडघ्यांमधे उभी धरून. उद्या ट्रक येणार होता. मी त्याच्यापाशी जाऊन बसलो. आठवडाभर माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती.

“ओइवा, एक विचारू?”

त्याने मान हलवली.

“सहा वर्षं त्यांना चालता येत नव्हतं. घरात हिल्लाचा एक दाणा नव्हता, दरवर्षी जुलैत त्या खिडकीशी बसून असायच्या. तुम्हाला जागा माहीत होती. एकदा तरी गुपचूप जाऊन बादलीभर आणून द्यायची होतीत!”

ओइवाने काठी ओट्याच्या कडेने खाली पाण्यात खुपसली, तळाला टेकवली, आणि म्हणाला, “मला जागा सांगितली कुठे होती तिने?”